तंबाखूच्या नावावर खपवलेली मरणं

मला आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा भेटायला आलेल्या लोकांनी सगळ्यात आधी माझे दात बघितले. तोंडाने "कशी आहेस गं" म्हणायचं आणि नजर दातांवर. कारण मी निपाणीची. माझी आई जन्मभर विड्या वळत होती. तेव्हा पोरगीही चोरून मिसरी लावत असणार, असा सरळ हिशेब. शेवटी मी कुणी दारात आलं की आधी दात दाखवायचे. "बघून घ्या निवांत, तोवर चहा ठेवते," म्हणायचे.

मी मंगल. बेळगावात खासबागेत राहते आणि मराठी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. नवरा महादेव, घरातच यंत्रमाग, साड्या विणतो. मुलगा शाळेत. माहेरी आता थोरला भाऊ आहे, आम्ही त्याला अण्णा म्हणतो. निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत तो वजनाचं काम बघतो.

मला कुणी धीराची बाई म्हणावं म्हणून मी हे लिहीत नाही. धीराची वगैरे मी मुळीच नाही, तोंडाळ आहे. ज्यांच्या घरात एकामागून एक माणसं गेली आणि प्रत्येक मयताला काहीतरी कारण चिकटवून सगळे गप्प बसले, अशांसाठी लिहिते आहे. आणि हो, रागाने लिहिते आहे.

निदान

आधी बरेच महिने नुसता थकवा होता. फळ्यावर एक उदाहरण सोडवलं की खुर्ची शोधायची. शाळेतल्या बायका म्हणाल्या, पाळी जायचं वय आलं. रक्त कमी निघालं तेव्हा म्हणाल्या, बीट खा. बीट खाऊन खाऊन जीभ लाल झाली, रक्त काही वाढलं नाही. मग दुर्बिणीतून तपासणी झाली आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं.

"माहेर कुठलं?"

"निपाणी."

"तंबाखू?"

"नाही."

"घरात कुणी?"

"आई विड्या वळायची."

डॉक्टरांनी मान डोलावली, उत्तर मिळाल्यासारखी. अशी मान डोलावणारी मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांनी उदाहरण सोडवलेलं नसतं, उत्तर पुस्तकाच्या मागून बघितलेलं असतं. मला त्या क्षणी आजारापेक्षा त्या मानेचाच जास्त राग आला, हे आता आठवलं की हसू येतं. भीती नंतर आली, घरी भांडी घासताना. हातातली कढई तशीच नळाखाली धरून मी उभी राहिले. आपण मेलो तर मुलाला दहावीचं गणित कोण शिकवणार, एवढा एकच विचार डोक्यात घुमत होता.

महादेव मात्र दवाखान्यातच पायरीवर बसला. "उद्या मागाचा बीम बदलायचा हाय," एवढंच म्हणाला आणि बराच वेळ उठला नाही.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशन झालं. आतड्याचा तुकडा काढला. त्यानंतरचे दिवस कसे असतात ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते. पोटाच्या ऑपरेशननंतर सगळं जग एकाच गोष्टीची वाट बघतं: तुमच्या पोटातून वारा कधी सरतो. डॉक्टर तेच विचारतात, नर्स तेच विचारते, झाडायला येणारी बाईसुद्धा तेच विचारते. शेजारच्या खाटेवर खानापूरकडच्या एक आजी होत्या. माझा वारा सरला तेव्हा त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "सुटली गं बाई पोरगी!" की पलीकडच्या खोलीतले लोक बघायला आले. लाज वगैरे सगळी तिथेच संपली. बरं झालं संपली, पुढे उपयोग झाला.

नर्स कानडी. मी कण्हत असले तरी खाटेवरून उठवायची. "नडीरी अक्का, नडीरी." चाला, चाला. मी तिला मराठीत शिव्या घालायचे, ती कानडीत हसायची. आमचं छान जमलं.

केमोथेरपी सुरू झाली तेव्हा गार वस्तूला हात लावला की विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. फ्रिज उघडायची चोरी झाली. महादेवने कधी फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली नव्हती लग्नानंतर. तो दही बाहेर काढून ठेवायला लागला, भाजी काढायला लागला, माझ्या आंघोळीचं पाणी स्वतः कोमट करायला लागला. एकदा तर ताक गरम करून आणलं, ते फुटलं. मी रागावले आणि मग ते फुटलेलं ताक पिऊन टाकलं.

"दुखत कुठं होतं ते सांगा"

या आजाराच्या मानाने वय कमी म्हणून दवाखान्याने मला जनुकांची माहिती घेणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. तरुण बाई, कोल्हापूरकडची. त्यांनी कागदावर चौकोन आणि गोल काढायला सुरुवात केली. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई.

"आई कशाने गेल्या?"

"तंबाखूने."

"मावशी?"

"तीही तंबाखूनेच. दोघी शेजारी बसून विड्या वळायच्या."

"मामा?"

"दारूने."

"आईची आई?"

"उपास करून करून. पोटात गोळा झाला होता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ताई, हे लोक काय म्हणाले ते झालं. आता दुखत कुठं होतं ते सांगा."

मग मी सांगितलं. आईला गर्भपिशवीचा कॅन्सर. मावशीलाही पिशवीचाच. मामाला आतड्याचा. आजीच्या पोटातला गोळा कुणी तपासलाच नव्हता. आणि सगळे पन्नाशीच्या आत. मॅडम एकेक गोल आणि चौकोन काळा करत गेल्या. ते काळे ठिपके आजीपासून माझ्यापर्यंत सरळ उतरत आले होते. आमच्या घरात कुणालाच हे दिसलं नव्हतं, कारण निपाणीत माणूस मरायच्या आधी कारण तयार असतं. तंबाखूची वकिली करायला मी बसलेली नाही. तिने आमच्या गल्लीतली किती माणसं नेली ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण म्हणून प्रत्येक मरण तिच्या खात्यावर टाकायचं, आणि जिवंत माणसांकडे बघायचंच नाही?

आधी एक छोटी तपासणी झाली. ठरावीक जनुकंच बघणारी. त्यात काहीच निघालं नाही. अण्णा निपाणीहून पेढे घेऊन आला.

"बघ, म्हटलं नव्हतं? आपल्या घरात असलं काय न्हाय. आईच्या हातची तंबाखू तुला लागली, बास."

मॅडमना मात्र ते पटलं नाही. माझ्या गाठीत एक प्रथिन गायबच होतं, म्हणजे बिघाड आहे, फक्त त्या तपासणीला दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. आता पूर्ण जीनोम वाचून बघू. शरीराच्या पेशीत जेवढी म्हणून माहिती आहे ती सगळीच्या सगळी. त्यासाठी एक सही करायची होती. वाचताना दुसऱ्या एखाद्या आजाराचं काही सापडलं तर सांगायचं की नाही, हेही विचारलं होतं.

"नको म्हण," महादेव कुजबुजला. "हाय ते निस्तरंना झालंय."

"अहो, माझं सगळं वाचणार, आन् मलाच सांगायचं न्हाय?" मी म्हटलं आणि 'सांगा' वर खूण केली. दुसरं सांगण्यासारखं काही निघालं नाही. ते ऐकून माझ्यापेक्षा तोच जास्त खूश झाला.

रक्त बेंगळुरूला गेलं. उत्तर येईपर्यंत बरेच दिवस गेले. रिपोर्ट आल्यावर मॅडमनी समजावलं: एका जनुकाचा एक तुकडा उलटा बसला आहे. अक्षरं सगळी जागच्या जागी आहेत, म्हणून छोट्या तपासणीला चूक दिसली नाही. तुकडाच फिरला आहे.

महादेव म्हणाला, "म्हणजे मागावर नक्षीची जेकॉट कार्डं उलटी ओवल्यागत. कार्ड एकबी फाटलेलं नसतंय, पर पदराचं डिझाइन बिघडतंय."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, जगातली प्रत्येक गोष्ट आमचे हे यंत्रमागावर नेऊन बसवतात. ते कुणी मान्य केलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

मी बाहेर येऊन रडले. स्वतःसाठी नाही. आई शेवटच्या दिवसांत आम्हाला जवळ घेण्याआधी हात साबणाने चोळचोळून धुवायची. आपल्या हातातली तंबाखू आपल्याला बाधली, आता पोरांना बाधेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. ती आमच्या तोंडावरून हात फिरवायला घाबरायची. ते सगळं उगीच होतं. तिची काही चूक नव्हती, हे तिला सांगायला कुणी नव्हतं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

अण्णा

आईकडून हा उलटा तुकडा आमच्यापैकी प्रत्येकाकडे यायची निम्मी शक्यता. आता सगळ्यांचं सगळं वाचायची गरज नव्हती. चूक कुठे आहे ते माझ्यामुळे कळलं होतं, बाकीच्यांच्या रक्तात फक्त तेवढीच जागा बघायची. ज्याच्यात निघेल त्याने दुर्बिणीची तपासणी वरचेवर करायची, म्हणजे गाठ व्हायच्या आत पकडता येते. माझ्या मुलाचं तो सज्ञान झाल्यावर त्याचं तो ठरवेल, असं मॅडम म्हणाल्या. मी माझी गर्भपिशवी काढून टाकली. आईला जिने नेलं ती वस्तू मला घरात नको होती.

अण्णाला फोन केला. तो म्हणाला, "पल्लवीचं लगीन होऊ दे. मग काय ते रगात बघू."

पल्लवी त्याची एकुलती एक मुलगी, माझी भाची. संकेश्वरच्या एका घरात साखरपुडा झालेला, तुळशीचं लग्न झालं की हिचं. मीही एकदा विचार केला, दोन-तीन महिन्यांनी काय बिघडतंय? मग वहिनीचा फोन आला. ती मोरीत जाऊन, नळ सोडून बोलत होती.

"वन्सं, ह्यांचं रगात जातंय. मूळव्याध म्हणत्यात. कुणा वैद्याची पुडी खात्यात. मी सांगितलं म्हणू नगासा."

दुसऱ्या दिवशी मी निपाणीच्या बसमध्ये होते. अण्णा वखारीच्या दारातच भेटला. मी घुमवून फिरवून बोलत नाही.

"अण्णा, माझंबी रगात असंच आतल्या आत जात होतं, मला कळलं न्हाय. चल माझ्यासंगं."

"तुझं येगळं, माझं येगळं. मला मूळव्याध हाय."

"कुणी बघितलं?"

"मंगल, त्या पावण्यांच्या कानावर गेलं, घरात कॅन्सरचं रगात हाय म्हणून, तर पोरीचं लगीन मोडंल. तू भरून देणार हाईस?"

"मोडलेलं लगीन दुसरीकडं जुळतंय. दुसरा अण्णा कुठनं आणू मी?"

तो आत गेला. मी बराच वेळ दारात उभी होते. नाकात तंबाखूचा उग्र खाट बसला, शिंका आल्या, तरी हलले नाही. तो बाहेर आलाच नाही.

आईचा म्हाळ

आई सवाष्ण गेली, त्यामुळे तिचा म्हाळ नवमीला. पितृपक्षात त्या दिवशी अण्णाच्या घरी मामाचे दोन मुलगे, मावशीची मुलगी, सगळे जेवायला येतात. म्हणजे मॅडमच्या कागदावरचे जेवढे जिवंत गोल आणि चौकोन, ते सगळे एका छपराखाली.

वडे झाले, खीर झाली, गवारीची भाजी झाली. आईचं पान गच्चीवर ठेवलं. आता कावळा शिवेपर्यंत कुणी जेवायचं नाही आणि कुणी उठून जायचंही नाही. त्या दिवशी कावळा काही येईना. असा जागेवर बांधलेला वर्ग मला शाळेतसुद्धा कधी मिळाला नव्हता. मी उभी राहिले.

"आईला तंबाखूनं न्हेलं न्हाय," मी म्हटलं. "मावशीलाबी न्हाय. मामाला दारूनं न्हेलं न्हाय. आपल्या रक्तात एक दोष हाय. माझ्यात सापडलाय. तुमच्यात असंल, नसंल. बघून घ्या."

मामाचा थोरला मुलगा विलास भिंतीला टेकून बसला होता. तो सावकाश म्हणाला, "आमचा बा सणावारी घ्यायचा, आक्का. कधीतरी. समद्यांनी त्येला दारुड्या म्हणूनच पोचीवला. मीबी." आणि तोंड फिरवून बसला.

"बास!" अण्णा ओरडला. "आईच्या घासावर बसून असलं अभद्र बोलत्यात व्हय? कावळा येईना तुझ्यामुळं!"

"कावळ्याचं सोड. तुझं रगात जातंय त्येचं बोल."

वहिनीने डोळे मिटून घेतले. तिने विश्वासाने सांगितलेलं मी चारचौघांत बोलले. मला त्याची खंत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. पल्लवी वड्यांची परात घेऊन दारात उभी होती. तिने बापाकडे बघितलं.

"आप्पा, खरं हाय?"

अण्णा चपला शोधायला लागला.

"माझ्या लग्नाच्या आड लपू नगासा," ती म्हणाली आणि परात खाली ठेवली.

अण्णा न जेवता बाहेर निघून गेला. कावळा शेवटी केव्हा येऊन गेला ते कुणीच बघितलं नाही.

पत्रिका

मावशीच्या मुलीने ही बातमी वाटेतच कुणाला तरी सांगितली असावी. संकेश्वरच्या लोकांचा निरोप आला. पत्रिका पुन्हा बघून घेतली, ती जुळत नाही म्हणे. साखरपुड्याच्या वेळी त्याच पत्रिकेत अठ्ठावीस गुण जुळले होते. माझ्या रक्तातला एक तुकडा उलटा बसला काय आणि आकाशातले ग्रह फिरले काय!

अण्णाने फोन करून विचारलं, "झालं तुझं समाधान?" आणि उत्तर न ऐकता ठेवून दिला. मी आठवडाभर वर्गात पोरांवर ओरडत होते. आपण चुकलो असं वाटलं नाही, पण पल्लवीचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना.

मग एका सकाळी दार वाजलं. पल्लवी होती. तिच्या मागे पिशवी धरून अण्णा उभा, माझ्याकडे न बघता.

"लगीन तर मोडलं, आत्ती," ती म्हणाली. "आता आप्पांना थांबायला कारण उरलं न्हाय. म्हणून घालून आणलंय बसमधी."

अण्णाची तपासणी झाली. गाठ होती. माझ्या गाठीपेक्षा लहान, आतड्याच्या बाहेर न गेलेली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर पुड्या खात बसला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. ऑपरेशनवर भागलं. रक्तातही तोच उलटा तुकडा निघाला, आईचा.

विलासने तपासून घेतलं, त्याच्यात नाही. त्याच्या धाकट्या भावात आहे, तो आता तपासणीला येतो. मावशीची मुलगी अजून आलेली नाही. मी तिला फोन करते, ती उचलत नाही. न उचलू दे. मी करत राहणार.

पल्लवीने कुणाला न विचारता रक्त दिलं होतं. अण्णा ऑपरेशननंतर खाटेवर असतानाच तिचा रिपोर्ट आला. मॅडमनी तिला आत बोलावून सांगितलं. ती बाहेर आली, वॉर्डात आली, बापाच्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "हाय माझ्यातबी."

अण्णा, जो आईच्या मयतीलाही रडला नव्हता, लहान मुलासारखा रडायला लागला. "मी दिलं गं तुला हे. माझ्यामुळं झालं."

"आप्पा, नाकबी तुमचंच दिलंय न्हवं? त्येच्यासाठी कधी रडला न्हाईसा. गप बसा, टाकं तुटतील."

"तुझ्या लग्नाचं आता कसं गं?"

"करीन की," पल्लवी म्हणाली. तिने त्याची चादर सरळ केली आणि डोळे पुसले, आधी त्याचे, मग स्वतःचे. "फकस्त ह्या बारीला पत्रिकेच्या आधी रिपोर्ट दावायचा. ज्येला पळायचं त्येनं उंबऱ्यातनंच पळावं. आईचं पोहं तरी वाया जायाचं न्हाईत."